डॉक्युमेंटेशन साइट स्लो का चालते? कारणं, तपासणी आणि उपाय

प्रोग्रामिंग शिकताना कुठेही अडलं की एकच सल्ला मिळतो: "डॉक्युमेंटेशन वाच." सल्ला बरोबरच आहे. पण फोनवर लिंक उघडली की आधी पांढरा स्क्रीन, मग गोल फिरणारं चक्र, मग मेनू, मग कुकीची परवानगी मागणारी पट्टी. ज्या चार ओळींसाठी आलो, त्या सगळ्यात शेवटी! ज्याच्याकडे लॅपटॉप नाही, क्लासची फी परवडत नाही आणि रोजचा डेटा मोजून वापरावा लागतो, त्याच्यासाठी हे डॉक्युमेंटेशन म्हणजेच शिक्षक. शिक्षकच ताटकळत ठेवत असेल तर मुलगा कंटाळून शिकणं सोडून देतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून या लेखात तीन गोष्टी पाहूया. साइट नेमकी कुठे अडकते, ते फोनवरून कसं ओळखायचं आणि ती दुरुस्त कशी करायची. तुम्ही फक्त वाचक असाल किंवा स्वतःच्या प्रोजेक्टची साइट बनवत असाल, दोघांनाही याचा उपयोग होईल.

डॉक्युमेंटेशन साइट वेगळी का असते?

सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ते कसं वापरायचं, कोणतं फंक्शन काय करतं, एरर आली तर काय बघायचं, हे सगळं ज्या साइटवर लिहून ठेवते ती डॉक्युमेंटेशन साइट. बातमी आपण एकदा वाचतो आणि पुढे जातो. डॉक्युमेंटेशन असं वाचलं जात नाही. एका एररच्या मागे आपण दहा पानं उघडतो आणि प्रत्येकातून दोन ओळी घेतो. प्रत्येक पान चार सेकंद उशिरा उघडलं तर दहा पानांत चाळीस सेकंद नुसती वाट बघण्यात जातात, आणि डोक्यात जुळवलेला विचारही तुटतो.

गंमत म्हणजे या साइटवरची खरी वस्तू, म्हणजे मजकूर, अगदी हलकी असते. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजीचं एक अक्षर १ बाइट घेतं, तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट. म्हणजे या लेखाएवढा मराठी मजकूर साधारण ३५ ते ४० केबी होतो. सर्व्हरने तो कॉम्प्रेस करून पाठवला तर त्याहून बराच कमी. फोनच्या कॅमेऱ्यातला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. मग पान जड कशाने होतं? मजकुराच्या भोवती जे लावलेलं असतं, त्याने.

एक खरं उदाहरण: एमएसडीएन लायब्ररी

मायक्रोसॉफ्टचं डेव्हलपरांसाठीचं डॉक्युमेंटेशन १९९०च्या दशकात सीडीवर मिळायचं. पुढे ते एमएसडीएन लायब्ररी या नावाने वेबवर आलं. त्या पानांच्या डाव्या बाजूला अनुक्रमणिकेचं एक मोठं झाड असायचं. फांदीवर क्लिक केलं की आतल्या फांद्या उघडायच्या. सीडीवरच्या प्रोग्राममध्ये ही सोय छान होती. वेबवर मात्र तेच झाड आणि ते चालवणारी स्क्रिप्ट पानाच्या मानगुटीवर बसली. हवं असायचं एका फंक्शनचं वर्णन, आणि त्यासाठी सगळा डोलारा उतरवून घ्यावा लागायचा.

यावर २००८च्या सुमारास एक साधा उपाय आला, तो म्हणजे लो बँडविड्थ व्ह्यू. पानाच्या पत्त्यात कंसात 'लोबँड' हा शब्द घातला की तेच पान झाडाशिवाय, साध्या लिंक आणि मजकुरासह उघडायचं. मजकूर तोच, सर्व्हरही त्याच कंपनीचा. फक्त भोवतीचा पसारा कमी केला होता. २०१०च्या सुमारास याच धर्तीवर 'लाइटवेट' आणि 'स्क्रिप्टफ्री' असे पर्यायही आले.

पण एकाच साइटची जड आणि हलकी अशी दोन रूपं ठेवणं हा तात्पुरता इलाज होता. हलक्या रूपाची माहिती ज्याला होती, त्यालाच फायदा. नवशिक्या बिचारा जड पानावरच अडकायचा. शेवटी २०१६च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने नवीन डॉक्युमेंटेशन साइट सुरू केली. जुनी यंत्रणा दहा-पंधरा वर्षांची झाली होती आणि ती क्लाउडवर चालेल अशा हिशेबाने बनवलेलीच नव्हती, असं कारण कंपनीने तेव्हा दिलं. नवीन पानं फोनच्या स्क्रीनप्रमाणे जुळवून घेणारी होती आणि बराच मजकूर गिटहबवर खुला झाला. २०२२ मध्ये ही साइट मायक्रोसॉफ्ट लर्नमध्ये सामील झाली.

मोझिलाच्या एमडीएनची गोष्टही अशीच. वेब डेव्हलपमेंट शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी या साइटवर जातो. आधी ती विकीसारखी चालायची: मजकूर डेटाबेसमध्ये आणि त्यापुढे पायथॉनमधला मोठा प्रोग्राम. २०२०च्या डिसेंबरमध्ये ती बदलली. मजकूर गिटहबवर गेला, पानं आधीच तयार करून ठेवली जाऊ लागली आणि मागणी आली की तयार पान द्यायचं, एवढंच काम उरलं. ऑर्डर आल्यावर पीठ मळायला घ्यायचं की पोळ्या आधीच लाटून ठेवायच्या, एवढाच हा फरक!

पान उघडताना वेळ कुठे जातो?

"साइट स्लो आहे" असं म्हटलं तरी त्यात पाच वेगवेगळे टप्पे लपलेले असतात.

१. अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन एका फेरीला किमान १२५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते, त्यामुळे वेळ जास्तच लागतो. त्यात पान मागण्याआधी सर्व्हरशी ओळख आणि सुरक्षित जोडणी यांच्या फेऱ्या होतात. तीन-चार फेऱ्या झाल्या की एक अक्षरही न येता अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ संपलेला असतो.

२. सर्व्हरचं काम. प्रत्येक वेळी डेटाबेसमधून माहिती काढून पान नव्याने बनत असेल तर तिथे वेळ जातो.

३. डाउनलोड. सगळ्या फाइल मिळून किती वजन आहे? गुगलचं लाइटहाउस हे तपासणीचं टूल मोबाइलची चाचणी घेताना सेकंदाला १.६ मेगाबिट वेग धरतं. या वेगाने ४० केबी मजकूर ०.२ सेकंदात उतरतो, तर १ एमबीची स्क्रिप्ट उतरायला ५ सेकंद लागतात. कुठे पाव सेकंद आणि कुठे पाच सेकंद!

४. फोनचा प्रोसेसर. स्क्रिप्ट उतरली म्हणजे काम झालं असं नाही. फोनने ती वाचायची, समजून घ्यायची आणि चालवायची असते. स्वस्त फोनला याच कामाला महागड्या फोनपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. लाइटहाउससुद्धा मोबाइल चाचणीत कॉम्प्युटरचा प्रोसेसर मुद्दाम चौपट मंद करतं.

५. पान मांडणं. अनुक्रमणिकेत हजारो नोंदी असतील तर ब्राउझरला त्या सगळ्यांची जागा ठरवावी लागते. अशा एका पानातल्या घटकांची संख्या ८०० च्या पुढे गेली की लाइटहाउस इशारा देतं आणि १,४०० च्या पुढे ती चूक धरतं, असा त्याचा बरीच वर्षं नियम होता. मोठ्या सॉफ्टवेअरची नुसती अनुक्रमणिकाच ही मर्यादा ओलांडू शकते.

फोनवरून कारण कसं ओळखायचं?

उपाय करण्याआधी दुखणं कुठे आहे ते बघायला हवं. पोट दुखत असताना गुडघ्याला बाम चोळून काय उपयोग? या चार तपासण्या कोणत्याही ॲण्ड्रॉइड फोनवर होतात.

पहिली: त्याच वेळी दुसरी एखादी साइट उघडा. तीही रखडत असेल तर दोष नेटवर्कचा आहे.

दुसरी: तेच पान लगेच पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा पटकन उघडलं तर फाइल जड आहेत, पण एकदा उतरल्यावर फोनमध्ये साठतात. दुसऱ्यांदाही तितकाच वेळ लागला तर सर्व्हर, किंवा फोनवर चालणारी स्क्रिप्ट, यांवर संशय घ्या.

तिसरी: क्रोममध्ये तीन टिंबांवर टॅप करा, सेटिंग्जमध्ये जा, साइट सेटिंग्ज उघडा आणि जावास्क्रिप्ट बंद करून पान पुन्हा उघडा. मजकूर झटकन दिसला तर दोषी स्क्रिप्टच. पान पूर्ण कोरं राहिलं तर त्या साइटने साधा मजकूर दाखवायलाही स्क्रिप्टवर भिस्त ठेवली आहे, हे कळतं. आणि जावास्क्रिप्ट बंद असूनही सुरुवातीलाच रखडत असेल तर सर्व्हर किंवा अंतर. तपासून झाल्यावर जावास्क्रिप्ट परत चालू करायला विसरू नका, नाहीतर इतर साइट चालणार नाहीत.

चौथी: गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साइटवर त्या पानाचा पत्ता टाका. पुरेसे लोक ती साइट वापरत असतील तर गेल्या २८ दिवसांतल्या खऱ्या क्रोम वापरकर्त्यांचे आकडे दिसतात, आणि खाली लाइटहाउसची चाचणी असते. त्यात हे तीन आकडे बघा:

• एलसीपी: पानाचा मुख्य भाग दिसायला लागलेला वेळ. २.५ सेकंदांच्या आत असेल तर चांगला.
• आयएनपी: टॅप केल्यावर पान प्रतिसाद द्यायला किती वेळ घेतं. २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगला. मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या मोजमापाच्या जागी हे आलं.
• सीएलएस: वाचता वाचता मजकूर वर-खाली किती उड्या मारतो. ०.१ पर्यंत चांगला.

हे निकष किमान ७५ टक्के भेटींमध्ये पाळले गेले पाहिजेत. म्हणजे ऑफिसच्या वायफायवर, नव्या फोनवर साइट पळते एवढं पुरत नाही. मागे राहिलेल्यांचाही हिशेब धरावा लागतो.

साइट बनवणाऱ्यांसाठी उपाय

कॉलेज प्रोजेक्ट असो की ओपन सोर्स लायब्ररी, क्रम हाच ठेवा. वरचे उपाय आधी, कारण त्यांचा फायदा सगळ्यात जास्त.

पानं आधीच बनवून ठेवा. डॉक्युमेंटेशन दर मिनिटाला बदलत नाही. मग प्रत्येक वाचकासाठी ते नव्याने कशाला शिजवायचं? स्फिंक्स, ह्यूगो, एमकेडॉक्स, डॉक्युसॉरस ही टूल्स मजकुरापासून तयार एचटीएमएल बनवून देतात. यातलं डॉक्युसॉरस रिॲक्टवर चालतं, म्हणून त्यात स्क्रिप्टचं वजन तपासत राहा.

सीडीएन वापरा. सीडीएन म्हणजे जगभर पसरलेले सर्व्हर, जे पानाची प्रत वाचकाच्या जवळ ठेवतात. नागपूरच्या वाचकाला पान मुंबईतून मिळालं तर अमेरिकेची फेरी वाचते. तयार एचटीएमएल सीडीएनवर ठेवणं सगळ्यात सोपं, म्हणून हा उपाय आधीच्या उपायाला जोडूनच येतो.

कॉम्प्रेशन आणि कॅशे चालू आहेत का ते बघा. जीझिप किंवा ब्रॉटली चालू असेल तर मजकुराच्या फाइल खूप लहान होऊन येतात. स्टाइल आणि स्क्रिप्टच्या फाइलच्या नावात आवृत्तीची खूण ठेवा आणि त्या वर्षभर साठवायची परवानगी ब्राउझरला द्या. फाइल बदलली की नाव बदलतं, त्यामुळे जुनी प्रत दिसण्याची भीती राहत नाही.

अनुक्रमणिका तुकड्यांत द्या. वाचक ज्या विभागात आहे तेवढाच भाग पाठवा, बाकीचा मागितल्यावर. एमएसडीएनच्या झाडाचा धडा हाच आहे.

सर्च हलका करा. स्फिंक्सचा नेहमीचा सर्च संपूर्ण साइटची सूची वाचकाच्या ब्राउझरमध्ये उतरवतो. छोट्या साइटला चालतं, मोठ्या साइटवर ती फाइल काही एमबीची होऊ शकते. पेजफाइंड हे टूल सूचीचे तुकडे करतं आणि शोधलेल्या शब्दापुरतेच तुकडे मागवतं.

कोड आधीच रंगवा. कोडमधले शब्द रंगीत दाखवायला अनेक साइट ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालवतात. तेच काम पान बनवताना पिग्मेंट्स किंवा शिकीने करून ठेवलं तर वाचकाच्या फोनची मेहनत वाचते.

फाँट जपून वापरा. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांमुळे आकार जास्त असतात, त्यामुळे फाइल मोठी होते. ॲण्ड्रॉइडमध्ये देवनागरीसाठी नोटो फाँट आधीच असतो, तो वापरला तर काहीच उतरवावं लागत नाही. वेगळा फाँट हवाच असेल तर तो येईपर्यंत फोनमधल्या फाँटने मजकूर दाखवायची सूचना सीएसएसमध्ये द्या. त्यासाठी फाँट-डिस्प्लेपुढे 'स्वॅप' लिहितात.

चित्रांना माप द्या. स्क्रीनशॉट वेबपी किंवा एव्हीआयएफ प्रकारात ठेवा, लांबी-रुंदी लिहा म्हणजे मजकूर उड्या मारणार नाही, आणि पानाच्या खालच्या भागातली चित्रं तिथे पोहोचल्यावरच उतरवा.

बाहेरचे पाहुणे मोजा. चॅटचा गोल, वाचकांची मोजणी, व्हिडिओची चौकट, जाहिरातीचा कोड. प्रत्येकाने "मी छोटाच आहे" म्हणून घरात शिरायचं आणि शेवटी घरच्यांनाच बसायला जागा नाही! प्रत्येकाबद्दल विचारा: हे काढलं तर वाचकाचं काय अडेल? काहीच नसेल तर काढा.

एका वेळी एकच बदल करा आणि आधी-नंतर मोजा. पाच बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. आणि चाचणी मुखपृष्ठाची नको, आतल्या जड पानाची घ्या, कारण वाचक सर्चमधून थेट तिथेच येतो.

तुम्ही वाचक असाल तर काय कराल?

ऑफलाइन प्रत ठेवा. डेव्हडॉक्स या मोफत साइटवर अनेक भाषा आणि लायब्ररींचं डॉक्युमेंटेशन एकत्र आहे आणि हवं ते ब्राउझरमध्ये साठवून नेटशिवाय वाचता येतं. वायफाय मिळेल तेव्हा उतरवून घ्या. पायथॉनचं डॉक्युमेंटेशन एचटीएमएल आणि ईपब रूपात डाउनलोड होतं. मायक्रोसॉफ्ट लर्नच्या बऱ्याच विभागांत पीडीएफ डाउनलोड करायची सोय आहे.

गिटहबवर मूळ मजकूर शोधा. अनेक साइटवर "हे पान संपादित करा" अशी लिंक असते. ती मूळ फाइलकडे नेते आणि तिथे साइटचा सगळा पसारा नसतो.

नीट तक्रार करा. "तुमची साइट स्लो आहे" एवढंच लिहिलं तर कोणी हलत नाही. पानाचा पत्ता, फोनचं मॉडेल, ब्राउझरची आवृत्ती, नेटवर्क आणि गाव, दोन-तीन वेळा मोजलेला वेळ, पेजस्पीडचा निकाल आणि जावास्क्रिप्ट बंद केल्यावर काय झालं, हे लिहा. साइट बनवणाऱ्यांकडे बहुतेक वेळा भारी कॉम्प्युटर आणि वेगवान नेट असतं, त्यामुळे ही अडचण त्यांना दिसतच नाही. तुमची तक्रार म्हणजे त्यांना न दिसणारी बाजू.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

५जी घेतलं तर प्रश्न सुटेल का?
थोडा. डाउनलोड लवकर होईल. पण सर्व्हर मंद असेल, तो दूर असेल किंवा स्क्रिप्ट फोनच्या प्रोसेसरला दमवत असेल, तर ५जी काही करू शकत नाही.

फोन बूस्टर किंवा रॅम क्लीनर ॲपने फरक पडतो का?
साइट जड असेल तर नाही. ती ॲप स्वतःच फोनवर ओझं होतात. त्यापेक्षा ब्राउझर अपडेट करा आणि उगाच उघडे राहिलेले टॅब बंद करा.

क्रोमचा लाइट मोड चालू करू का?
जुन्या लेखांमध्ये हा सल्ला सापडतो, पण ॲण्ड्रॉइडवरचा लाइट मोड गुगलने मार्च २०२२ मध्ये बंद केला.

कॅशे साफ केल्याने साइट वेगवान होते का?
उलट पुढच्या वेळी सगळं पुन्हा उतरवावं लागतं. पान जुनं किंवा मोडलेलं दिसत असेल तेव्हाच कॅशे साफ करा.

थोडक्यात

स्लो पान म्हणजे लगेच आपलाच फोन किंवा आपलंच नेट खराब, असं समजू नका. मजकूर ४० केबीचा असतो, थांबावं लागतं ते बाकीच्या सामानासाठी. वाचक असाल तर कारण ओळखा, ऑफलाइन प्रत ठेवा आणि पुराव्यानिशी तक्रार करा. साइट बनवत असाल तर एकच नियम पाळा: वाचक ज्यासाठी आला आहे तो मजकूर आधी पोहोचू द्या, सजावट मागून येऊ द्या.